एका डब्यामागे साडेसहा किलो

बसा, आणि चहा आधी संपवा. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही! कारण आज जो घोळ सांगणार आहे ना, तो दुसऱ्या कोणी घातला असता तर मी त्याला जन्मभर सोडलं नसतं. पण तो मी घातलाय. मी, रंजना परब. वय पंचावन्न. चारचौघांना अक्कल शिकवणारी बाई!

आधी माझा एक गुण सांगते. मी गुणच म्हणते, घरी त्याला वेगळं म्हणतात. मला एखादी गोष्ट कळली नाही ना, तर ते तोंडातून बाहेरच पडत नाही. मान आपोआप हलते आणि तोंड म्हणतं, "हो हो, कळलं." रस्ता विचारायला नको म्हणून कांदिवलीत राहून कांदिवलीतच दोन तास चुकलेली बाई आहे मी. नवरा बरोबर होता. तो अजून त्यावरून बोलतो.

तर साकीनाक्याला आमचा गाळा आहे. आमचा म्हणजे मेस्त्री काकांचा. मी तिथे तेवीस वर्षं ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, एक कपाट आणि एक पंखा, जो माझ्याकडे सोडून सगळीकडे वारा घालतो. आम्ही स्टीलचे जेवणाचे डबे बनवतो. पत्रा येतो, प्रेस मशीनवर दाबून त्याच्या वाट्या होतात, पॉलिश होतं, वर कडी लागते, झाला डबा. काका धरून आम्ही नऊ माणसं.

आमचे निम्म्याहून जास्त डबे एकच कंपनी घेते. ऑफिसांना जेवण पुरवणारी मोठी कंपनी आहे. एके दिवशी तिची ईमेल आली. इंग्रजीत, आणि सोबत चौदा पानांचा फॉर्म. काकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला आणि फोन माझ्या पुढ्यात सरकवला.

"रंजना, ह्या काय ता बघ गे. माका त्यातला काय एक कळणा नाय."

मी वाचलं. यंदापासून ज्यांनी आपल्या मालाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते मोजलंय, त्यांच्याकडूनच कंपनी माल घेणार. नाही मोजलं तर नवी ऑर्डर नाही. एवढं मला नीट कळलं. त्याच्या पुढची तेरा पानं मात्र नुसती डोळ्यांवरून गेली.

"कळला मां तुका?" काकांनी विचारलं.

आता बघा, इथेच "नाही" म्हणायची सोय होती की नाही? होती!

"हो, त्यात काय एवढं," मी म्हटलं. "मोजायचंच तर आहे."

काका खुर्चीत टेकले. त्यांचे गुडघे गेलेत, मुलगा त्याच्या नोकरीत आहे, त्याला गाळ्यात रस नाही. "ही ऑर्डर गेली तर मी गाळो विकतलंय आणि गावाक जातलंय," ते म्हणाले. "माझा काय नाय गे. तुमी आठ जणा खय जातलात?"

आठ जणांतली एक मी. पंचावन्नाव्या वर्षी मला कोण नोकरी देणार? आणि आमचा रामआसरे, प्रेस मशीनवर वीस वर्षं उभा आहे, त्याला दुसरं काही येत नाही. हे सगळं डोक्यात चाललेलं. पण तोंड? तोंड म्हणालं, "काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी आहे ना."

चार दिवसांनी कंपनीतल्या मुलीने व्हिडिओवर मीटिंग घेतली. तन्वी नाव तिचं, मुलुंडची, माझ्या भाचीच्या वयाची, बोलायला एकदम गोड. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवला आणि आम्ही नऊच्या नऊ जण समोर बसलो, लग्नाच्या ग्रुप फोटोसारखे.

तिने फार छान समजावलं हो, खोटं कशाला बोलू? म्हणाली, प्रत्येक वस्तूचा एक जन्म असतो आणि एक शेवट असतो. खाणीतून लोखंड निघतं तिथपासून डबा भंगारात जातो तिथपर्यंत. त्या सगळ्या प्रवासात किती वीज, किती पाणी, किती डिझेल, किती कचरा, हे सगळं मोजायचं. पत्रा कसा बनतो, लोक डबा कसा धुतात, ते आम्ही बघतो, तुम्ही फक्त तुमच्या गाळ्यापुरतं मोजा. सोमवार ते शनिवार, एक नेहमीसारखा आठवडा. दारातून जे आत येईल ते वजन करून लिहायचं, जे बाहेर जाईल ते वजन करून लिहायचं. विजेचं मीटर सकाळ-संध्याकाळ बघायचं. शनिवारी किती डबे झाले ते मोजायचे आणि सगळ्याला त्याने भागायचं. मग एका डब्यामागे काय काय लागलं ते कळतं. पुढच्या सोमवारी ती स्वतः बघायला येणार होती.

त्याच्या पुढेही ती बरंच बोलली. पण मी तोवर मान हलवण्यात इतकी गुंतले होते की ऐकायचं राहूनच गेलं.

"काही शंका?" तिने विचारलं.

आठ माणसांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही गं," मी म्हटलं. "एकदम क्लिअर!"

सोमवारी दारात वजनकाटा मांडला. रजिस्टर आणलं, दोन रकाने पाडले, "आत" आणि "बाहेर". रामआसरेचं मशीन दारापाशीच, म्हणून काट्याचं काम त्यालाच दिलं आणि दम दिला, "सुन, दारातून काहीही गेलं-आलं तर लिहायचं. काहीही! खाडाखोड चालणार नाही. रोज संध्याकाळी सहा वाजता पानाचा फोटो काढून तन्वी मॅडमना पाठवायचा."

रामआसरे म्हणजे शब्दाला पक्का. पत्रा तोलला. कड्या तोलल्या. पॉलिशचं सामान तोललं. दहा वाजता चहा आला, किटली तोलली. वडापाव आले, चटणीसकट तोलले. काका आले.

"अंदर आ रहे हैं, लिखूँ क्या?" त्याने विचारलं.

"काका कच्चा माल नाहीत!"

"अच्छा." मग तो म्हणाला, "मॅडम, एक बात. चाय अंदर आया वो लिखा. वो बाहर जाता है, वो कौन लिखेगा?"

मी म्हटलं, "ते पाण्यात धरतात." असं काही असतं का मला माहीत नाही. पण त्याने मान हलवली आणि मला बरं वाटलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज शंभर डबे झाले. सगळं झकास चाललेलं. रजिस्टर काय सुंदर दिसत होतं! बुधवारी दुपारी मी जेवून हात पुसत होते आणि सहज वर बघितलं. माळ्याकडे.

आणि माझ्या लक्षात आलं, सोमवारी तन्वी येणार.

तुम्हाला म्हणून सांगते, त्या माळ्यावर तेवीस वर्षांत मीसुद्धा कधी नीट बघितलं नव्हतं. काकांना काही टाकवत नाही. "ऱ्हवांदे, कामाक येतला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुटलेले साचे, झाकणाविना डबे, डब्याविना झाकणं, जळलेल्या मोटारी, तीन पंखे, गोण्यांवर गोण्या, आणि मागच्या भिंतीला काकांची स्कूटर. स्कूटर! तिला चाकं नव्हती, पण काकांचा जीव होता तिच्यावर.

पर्यावरणवाली पोरगी येणार आणि हे बघणार? अहो, आमच्याकडे चतुर्थीला गणपती यायच्या आधी आठ दिवस घर धुऊन काढतात. पाहुणा दारात आणि घरात पसारा, असं आमच्या सात पिढ्यांत झालं नाही. सासूबाई तर मीटर बघायला माणूस येणार म्हटलं तरी उंबरठा पुसायच्या.

"काका," मी म्हटलं, "मशीन बंद करा. उद्यापासून साफसफाई."

"आणि ता मोजूचा?"

"मोजणं चालू राहील ना! बाहेर जाईल ते तोलून जाईल."

मी हे स्वतः, माझ्या तोंडाने बोलले. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती.

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी दुपारपर्यंत आम्ही सगळे झाडू घेऊन! प्रेस मशीन थंड. पुढच्याच गल्लीतला सलीमभाई भंगारवाला टेम्पो घेऊन तीनदा आला. तो इतका खूश होता की त्याने तिसऱ्या फेरीला सगळ्यांसाठी खारी आणली. ती रामआसरेने तोलून "आत"च्या रकान्यात लिहिली. स्कूटर निघाली तेव्हा काका टेम्पोमागे चार पावलं चालत गेले. मी त्यांना हाताला धरून परत आणलं. भिंतींना चुना लावला. गाळा असा लखलखला की समोरचा गाळेवाला विचारायला आला, विकताय की काय?

शनिवारी दुपारी मी ऐटीत कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बाहेर गेलेला माल, साडेएकोणीसशे किलो. ठीक आहे, जुना माल होता. आठवड्याचे डबे?

तीनशे. मशीन बंद होतं ना अर्धा आठवडा!

भागलं. आकडा बघितला. कॅल्क्युलेटर बंद करून चालू केला. परत भागलं. रामआसरेच्या मोबाइलवर भागलं.

एका डब्यामागे साडेसहा किलो कचरा!

अर्ध्या किलोचा डबा. त्याच्यामागे साडेसहा किलो! काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "गे, आपण डबे करतो की बोटी?"

हा आकडा तन्वीने बघितला की संपलं. पर्यावरणाचा नाश करणारा गाळा म्हणून पहिला नंबर आमचा. ऑर्डर गेली, गाळा गेला, काका गावाला आणि आठ जण रस्त्यावर. आणि हे सगळं कोणामुळे? गाळा स्वच्छ ठेवणाऱ्या बाईमुळे!

आता खरं तर फोन उचलायचा आणि तन्वीला विचारायचं, "बाई गं, असं झालंय, काय करू?" दोन मिनिटांचं काम. काकांनी तेच सुचवलं.

"विचार गे तिका."

"कशाला? मला माहितीये काय करायचं ते."

मला काहीही माहीत नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं होतं, आता करणं भाग होतं. मी विचार केला, शेजारणीला वाटीभर साखर दिली, ती तिने परत आणून दिली, की फिटलं ना? तसंच हे. गेलेलं भंगार परत आणलं की ते गेलंच नाही! आठवडा अजून संपलेला नव्हता. साडेतीन वाजले होते.

धावत सलीमभाईकडे गेले. "सलीमभाई, माझा माल परत द्या."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ताई, तबियत ठीक है ना?"

"माल परत द्या!"

"अरे ताई, वो माल तो गया. आधा कट गया, आधा कुर्ला निकल गया."

मी तिथेच एका टायरवर बसले आणि मला रडूच आलं. सलीमभाई माणूस चांगला. घाबरला बिचारा. "ताई, रोना नहीं. आपको वही माल चाहिए के वजन चाहिए?"

मी डोळे पुसले. काय सुचलं त्या माणसाला! रजिस्टरमध्ये वजनच तर लिहितात. त्यावर नाव कुठे असतं?

"वजन," मी म्हटलं. "साडेएकोणीसशे किलो."

आणि त्याने दिलं हो! ओळखीखातर, सोमवारपर्यंत उसनं. जे हाताला लागलं ते टेम्पोत भरलं. कुठल्यातरी जिममधली सायकल, दवाखान्यातली खाट, दोन कुलर, वाकलेलं लोखंडी गेट आणि साडीच्या दुकानातला एक हात नसलेला पुतळा. वजन कमी पडलं तशी सलीमभाईने वर एक पाण्याची मोटारही टाकली. तीन फेऱ्या झाल्या. नुकता चुना लावलेल्या गाळ्यात आता पाय ठेवायला जागा नव्हती. काका दारात उभे, त्या पुतळ्याकडे बघत.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"वजन आहे, काका."

"आणि माजी स्कूटर खय असा?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. दमून पाणी प्यायला गेले. परत आले तर सहा वाजून गेलेले आणि रामआसरे खुशीत उभा. "मॅडम, सब लिख दिया. फोटो भी भेज दिया."

"कुठल्या रकान्यात लिहिलंस रे?"

"अंदर आया, तो अंदर वाले में."

मी रजिस्टर ओढलं. तुमच्या लक्षात आलं ना काय झालं ते? बाहेर गेलेलं साडेएकोणीसशे किलो तसंच होतं. त्यातून काही वजाबिजा झालं नव्हतं! आणि "आत"च्या रकान्यात, स्टीलच्या पत्र्याखाली, कड्यांखाली, खारीच्या खाली, रामआसरेने आपल्या गोल अक्षरात एकेक वस्तू लिहिली होती. सायकल. खाट. कुलर. लोखंडी गेट. पुतला, एक, एक हाथ नहीं.

म्हणजे आता कागदोपत्री आम्ही एक डबा बनवायला सात किलो कच्चा माल वापरत होतो. त्यात एक पुतळाही होता!

"खाडाखोड नहीं बोला था ना मॅडम," रामआसरे म्हणाला. त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

रविवारी मला जेवण गेलं नाही. समोर माझ्या आवडीचं तिसऱ्यांचं सुकं होतं, तरी गेलं नाही, यावरून समजा! नवरा म्हणाला, "अगं, फोन कर त्या मुलीला. कळलं नाही म्हणून सांग. खाणार आहे का ती तुला?" शेवटी मी फोन हातात घेतला. लावला. तन्वीने उचलला.

"हां मॅडम, बोला ना! काही अडचण आहे का?"

"छे गं," मी म्हटलं. "सहज केला. जेवलीस का?"

"हो..." ती म्हणाली.

"काय जेवलीस?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला आणि तो गॅलरीत निघून गेला.

सोमवारी तन्वी आली. बरोबर अकराला. हातात आमच्या रजिस्टरच्या फोटोंचे प्रिंट होते आणि चेहरा असा, की मला वाटलं हिला बरं नाहीये. ती खाटेला वळसा घालून आली, कुलरवरून पाय टाकला आणि पुतळ्यासमोर थांबली. मग कागदाकडे बघितलं, मग परत पुतळ्याकडे.

"मॅडम," तिने हळूच विचारलं, "हा पुतळा डब्यात नेमका कुठे वापरता?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

आता तरी बोलायचं की नाही? देवाने शेवटची संधी दिली होती. आणि माझ्या तोंडाने काय म्हणावं?

"प्रोसेस आहे आमची."

"प्रोसेस?"

"हो. आतली गोष्ट आहे. सगळ्यांना सांगत नाही आम्ही."

तन्वीने पेन काढलं. "मला बघता येईल का? आणि ही सायकल कितव्या स्टेपला येते?"

"सायकल नंतर," मी म्हटलं. "आधी खाट."

खरं सांगते, मी वेडी झाले होते. एक खोटं दुसऱ्याला हाक मारत होतं आणि ते लगेच धावत येत होतं. तन्वी "आधी खाट" असं लिहून घेत होती! तेवढ्यात काका उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"बाय माजे," ते तन्वीला म्हणाले, "पेन ठेव खाली. माका काय कळाक नाय म्हणान मी हिका विचारलंय. हिका काय कळाक नाय, पण हिना कोणाकच इचारल्यान नाय. इतकीच काय ती प्रोसेस."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. तन्वी माझ्याकडे बघत होती. मी रामआसरेकडे बघितलं. वीस वर्षं मशीनवर उभा असलेला माणूस, आणि त्याला वाटत होतं की चूक त्याच्या लिहिण्यात झाली, मान खाली घालून उभा होता. ते बघून मात्र राहवेना.

"मला कळलं नाही," मी म्हटलं.

बाप रे! तेवीस वर्षांत त्या गाळ्याने हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. कोपऱ्यात कोणीतरी हातातलं झाकण पाडलं.

मग मी थांबलेच नाही. माळा सांगितला, साफसफाई सांगितली, साडेसहा किलो सांगितले, सलीमभाई सांगितला, टायरवर बसून रडलेली तेसुद्धा सांगितलं. "यात कोणाचीही चूक नाही गं. रामआसरेने तर अक्षर न अक्षर खरं लिहिलंय. आकडा वाईट आला म्हणून मी घाबरले. मला वाटलं, ऑर्डर जाईल."

तन्वी खाटेवर बसली. तिने हातातले कागद तोंडासमोर धरले. मला वाटलं, झालं, वाट लागली. मग बघते तर तिचे खांदे हलत होते. हसत होती कार्टी!

"मॅडम," ती डोळे पुसत म्हणाली, "आकडा वाईट आला तर ऑर्डर जाते, असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

"म्हणजे?"

"यंदा फक्त मोजायचं आहे. कमी करायचं पुढच्या वर्षीपासून. मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं की! तुम्ही तर मान हलवत होतात."

ऐका! ऐका म्हणजे! साडेएकोणीसशे किलो मी ज्याच्यासाठी आत-बाहेर केले, त्याची गरजच नव्हती!

"पण खोटा आकडा दिला तर जाते," ती म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती. "तुमची ती प्रोसेस मी लिहून वर पाठवली असती ना, तर आज संध्याकाळीच तुमचं नाव यादीतून गेलं असतं."

मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. काकांनी स्वतः उठून मला पाणी दिलं.

तन्वीने मार्ग काढला. हा आठवडा रद्द, पुढचा आठवडा नव्याने मोजायचा. आणि कसा? तिने मला समोर बसवून, पहिलीच्या मुलीला सांगतात तसं सांगितलं. "रोज करता तेच करायचं. झाडू नेहमीएवढाच मारायचा. कोणी पाहुणं येत नाहीये. कळलं?"

"एक मिनिट," मी म्हटलं. "वडापाव तोलायचे की नाही?"

"नाही!"

"आणि चहा?"

"चहापण नाही, मॅडम."

रामआसरेने सुटकेचा श्वास सोडला. त्याचा तो जुना प्रश्न अजून त्याच्या मनात होता वाटतं.

पुढचा आठवडा साधासुधा गेला. सहाशे डबे झाले आणि एका डब्यामागे दीडशे ग्रॅम कतरण निघाली, म्हणजे पत्रा कापून उरलेले कोपरे. बास! तीसुद्धा भट्टीत जाऊन तिचा परत पत्रा होतो म्हणे. तन्वीने समजावलं की डब्याचा खरा भार आमच्या गाळ्यात नाहीच, तो पत्रा बनतो तिथे आहे. म्हणून डबा जितकी वर्षं टिकेल तितका तो भार वाटला जातो. "किती वर्षं टिकतो तुमचा डबा?" तिने विचारलं. तेव्हा मी माझा जेवणाचा डबा तिच्यासमोर ठेवला. काकांनी गाळा सुरू केला त्या वर्षीचा, झाकणावर माझ्या सासूबाईंचं नाव मशीनने ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. डबा अजून रोज कामावर येतो. तन्वीने त्याचा फोटो काढला, तेव्हा काकांची मान जरा ताठ झाली.

ऑर्डर राहिली. गाळा राहिला, आम्ही नऊच्या नऊ जण राहिलो. मोजमापाचं काम कंपनीने कायमचं रामआसरेला दिलंय. कारण, तन्वी म्हणाली, तो प्रश्न विचारतो. आणि रिपोर्टची प्रत आली, तिच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ आहे: "पहिल्या आठवड्याची मापं धरलेली नाहीत. कारण: परब मॅडम."

सलीमभाई सगळा माल घेऊन गेला. पुतळा तेवढा राहिला, एक हात नाही म्हणून त्याला कोणी घेईना. तो आता माझ्या टेबलाशेजारी उभा असतो. पोरांनी त्याला माझा जुना ॲप्रन घातलाय आणि त्याचं नाव ठेवलंय परब मॅडम नंबर दोन. परवा मी चिडून काकांना म्हटलं, "काका, हलवा हिला इथून. लोक मला हसतात."

काकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हवांदे गे तिका," ते म्हणाले. "तुमच्या दोगींत हीच बरी. काय कळला नाय तर गप तरी ऱ्हवता."